रुंदी ठरते, वाटणी ठरत नाही

महाराष्ट्रात रस्ता किती रुंद असावा हे सांगणारे कागद पुष्कळ आहेत. विकास आराखड्यात प्रत्येक मोठ्या रस्त्याची रुंदी आखलेली असते. महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते आणि त्या रेषेच्या आत आलेले बांधकाम आज ना उद्या मागे घ्यावे लागते. राज्याने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तर इमारतीला मिळणारा चटईक्षेत्र निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधला आहे. त्यामुळे नऊ मीटर, बारा मीटर, अठरा मीटर हे आकडे बिल्डरला आणि नगररचना खात्याला तोंडपाठ असतात. पण ही रुंदी एकदा हाती आली की तिच्यात चालणाऱ्याला किती, गाडीला किती, गटार कुठून जाणार, विजेचा खांब कुठे, झाड कुठे, हातगाडी कुठे, रिक्षा कुठे, हे ठरवणारा बांधील कागद बहुतेक शहरांकडे नसतो. ते ठरते कामाच्या अंदाजपत्रकात. आधी गाड्यांचा पट्टा मोजला जातो, मग कडेचे गटार, आणि उरेल त्याला फूटपाथ म्हटले जाते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना ही वाटणी लिहून देणारी आणि निविदा निघण्याआधी प्रत्येक रस्त्याचा नकाशा तपासणारी एक संयुक्त सल्लागार समिती हवी, असे माझे म्हणणे आहे. ती का हवी, तिने नेमके काय ठरवावे आणि तिच्याविरुद्ध जे बोलले जाईल त्यात तथ्य किती, हे इथे मांडतो.

तीन शहरांची नावे एका दमात घेण्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. तिन्ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत आणि कल्याणहून कर्जतकडे जाणारा रस्ता तिघांतून जातो. पण त्यांची घडण अगदी निरनिराळी. उल्हासनगर उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना बराकींत जागा मिळाली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला आजचे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच आणि त्यांतले सेक्शन अजूनही पत्त्यात येतात. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात दर चौरस किलोमीटरला सुमारे ३८ हजार माणसे राहतात. बराकींमधल्या सरळ, आखीव गल्ल्यांवर पुढे घर, दुकान आणि कारखाना एकावर एक चढले. अंबरनाथ हे शके ९८२ च्या शिवमंदिराचे आणि विसाव्या शतकात आलेल्या काडेपेटी कारखाना, आयुध निर्माणी व एमआयडीसीचे गाव. तिथल्या रस्त्यावर शाळकरी मूल आणि रसायनांचा टँकर एकाच वेळी असतात. बदलापूर २००१ ते २०११ या दहा वर्षांत ७८ टक्क्यांनी वाढले, म्हणजे तिथले कित्येक रस्ते इमारती उभ्या राहिल्यानंतर पक्के झाले. दाट जुने शहर, औद्योगिक शहर आणि वेगाने वाढणारे नवे शहर, असे तिन्ही नमुने पंधरा-वीस किलोमीटरच्या आत आहेत. एकाच शहरासाठी लिहिलेले मापदंड इथे पुरे पडणार नाहीत, आणि तीन वेगळे लिहिले तर एकाच रस्त्यावर हद्द ओलांडताच फूटपाथ संपेल.

हद्दीचा हा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९८३ मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते. १९९२ मध्ये त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. उल्हासनगरला महापालिका आली १९९६ मध्ये. त्यामुळे उल्हासनगर चालते १९४९ च्या कायद्याने, तर बाकीची दोन १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने. एकीकडे आयुक्त, दुसरीकडे मुख्याधिकारी. रस्त्याखालच्या पाण्याच्या नळाचेही तसेच. उल्हासनगरला पाणी एमआयडीसी देते, अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. खांब, रोहित्र आणि फीडर पिलर, म्हणजे वीजवाटपाच्या पेट्या, महावितरणच्या. औद्योगिक वसाहतीतला रस्ता एमआयडीसीचा, स्टेशनालगतची जागा रेल्वेची, आणि मोठ्या रस्त्यांच्या रुंदीकरण-काँक्रिटीकरणासाठी निधी व यंत्रणा बऱ्याचदा एमएमआरडीएची. वाहतूक सांभाळणारे पोलीस आहेत ठाणे आयुक्तालयाचे. नवा काँक्रीट रस्ता वर्षाच्या आत खोदला गेला की नागरिक नगरपालिकेला दोष देतात. खोदणारी यंत्रणा मात्र बहुधा वेगळीच असते, आणि रस्त्याचा नकाशा काढताना तिला कुणी बोलावलेले नसते.

समित्या नाहीत असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. ती अपघातप्रवण जागा बघते, म्हणजे तिच्यासमोर रस्ता येतो तो माणसे दगावल्यानंतर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती आली. ती फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि विक्रीची क्षेत्रे बघते. १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण आले. ते झाड तोडायला परवानगी द्यायची की नाही ते बघते. म्हणजे झाडाला वाली आहे, हातगाडीला आहे, खांबाला आहे, अपघातालाही आहे. या सगळ्यांनी ज्या बारा मीटरमध्ये एकमेकांना जागा करून द्यायची, त्या बारा मीटरचा एकत्र विचार करणारे कुणी नाही. म्हणूनच फूटपाथच्या मधोमध फीडर पिलर येतो. महावितरणच्या दृष्टीने ती जागा योग्यच असते, कारण ती गाड्यांच्या वाटेत नसते आणि कुणाच्या दुकानाच्या शटरसमोरही नसते.

वाटणी करायची तर मापे लागतात, आणि ती नव्याने शोधून काढायची गरज नाही. भारतीय रस्ते महासभेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेची २०१२ ची आवृत्ती सांगते की निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी मोकळी जागा हवी. व्यापारी भागात ही रुंदी किमान २.५ मीटर. मोकळी म्हणजे ज्यात खांब नाही, पाटी नाही, झाडाचे आळे नाही. आता सर्वांत मोठी हरकत घ्या: उल्हासनगरच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे फूटपाथची भाषाच व्यर्थ आहे. आकडेमोड करून बघू. नऊ मीटरच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना १.८ मीटर सोडले तर गाड्यांसाठी ५.४ मीटर उरतात. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या सावकाश एकमेकींना ओलांडू शकतील एवढी ही जागा आहे. तिथे मावत नाही ते एकच, दोन्ही बाजूंना दिवसभर उभी असलेली वाहने. बारा मीटरमध्ये दोन फूटपाथ आणि तीन-तीन मीटरच्या दोन मार्गिका दिल्यावर २.४ मीटर हातात राहतात. ती पट्टी एका बाजूला घेऊन तिच्यात आलटून पालटून झाड, खांब, दुचाकींची जागा आणि दोन-तीन हातगाड्या बसतात. अठरा मीटरच्या बाजाररस्त्यात अडीच-अडीच मीटरचे फूटपाथ, सव्वातीन मीटरच्या दोन मार्गिका, दोन्ही कडांना दोन-दोन मीटर वाहनतळ आणि सव्वा-सव्वा मीटरची झाड-खांबांची पट्टी मिळून बरोबर अठरा भरतात. सहा मीटरच्या गल्लीत मात्र वेगळा फूटपाथ काढण्याचा हट्ट धरू नये. तिथे सगळी जमीन एका पातळीत ठेवून गाडीने माणसाच्या चालीने जावे अशी रचना करावी. डच शहरांनी १९७० च्या दशकात निवासी गल्ल्यांसाठी हाच मार्ग धरला आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले. म्हणजे जागा कमी असल्याची तक्रार खरी असली तरी तिच्यामुळे मापदंडाची गरज उलट वाढते. जागा मुबलक असेल तर चुकीची वाटणीही खपून जाते. बराकींच्या शहरात अर्धा मीटरसुद्धा वाया घालवता येत नाही.

मापदंड म्हटले की डोळ्यांसमोर रुंदी येते, पण चालणाऱ्याचा दिवस खराब करते ती बहुधा उंची. आपल्याकडे फूटपाथ एक फूट, कधी त्याहून उंच बांधतात. दुचाकी चढू नये हा त्यामागचा हेतू. मार्गदर्शिकेत कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सहा इंच सांगितली आहे, आणि त्याला साधे गणित आहे. चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार बाराला एक असावा लागतो. १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. ३०० मिलिमीटर चढायला ३.६ मीटर लागतात, आणि तेवढी लांबी नऊ मीटरच्या रस्त्यातल्या कुठल्याही फूटपाथवर आडवी मावणार नाही. उंच फूटपाथवर खुर्ची चढत नाहीच, गुडघे दुखणारी आजी चढत नाही, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाईही चढत नाही. ती सरळ गाड्यांमधून चालते. वर दर दहा पावलांवर सोसायटीचे फाटक येते, तिथे फूटपाथ कापून खाली उतरवलेला असतो आणि पुढे पुन्हा चढवलेला. यावरचा उपाय साधा आहे. फाटकासमोरही फूटपाथ त्याच पातळीत सलग न्यायचा आणि कडेच्या पट्टीत छोटा उतार देऊन गाडीने वर चढून आत जायचे. चढउतार दिवसात दोनदा ये-जा करणाऱ्या गाडीने करावा, दिवसभर जाणाऱ्या माणसांनी नव्हे. अडथळ्याच्या खुंट्यांबाबत मात्र मापदंडाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. दोन खुंट्यांमधून चाकाची खुर्ची जाईल एवढे अंतर ठेवले तर त्यातून स्कूटरही जाते. तिथे दगड-लोखंड पुरणार नाही, पोलिसांची पावती लागेलच.

उंचीचा दुसरा प्रश्न पावसात कळतो. जुन्या डांबरावर थर चढवत गेले, किंवा पुरेसे खोदकाम न करता काँक्रीट ओतले, की रस्ता वर येतो आणि शेजारचे दुकान खाली जाते. दुकानदार उंबऱ्याला विटांचा बांध घालतो. पुढच्या कामात रस्ता आणखी वर जातो. वालधुनी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर या दोन्ही शहरांतून वाहत कल्याणला जाते. २६ जुलै २००५ ला या पट्ट्याने पाण्याचा जो कहर पाहिला, त्यानंतर रस्त्याची अंतिम पातळी हा ठेकेदाराच्या सोयीचा विषय राहू नये. काँक्रीट रस्त्याला मध्यापासून कडेकडे दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार लागतो. तो उतार कुठे संपतो, पाणी गटारात शिरायला कडेच्या दगडात किती अंतरावर तोंडे ठेवायची, गटाराची झाकणे फूटपाथशी एका पातळीत कशी बसवायची, आणि रस्ता शेजारच्या जोत्याच्या वर कधीही जाणार नाही याची खूण नकाशावर कशी करायची, हे लिहून ठेवण्याजोगे आहे. आज तिन्ही शहरांत बहुतेक ठिकाणी गटारावरचा स्लॅब म्हणजेच फूटपाथ. त्यात गैर काही नाही, जागा वाचते; पण मग एक झाकण तुटले की पूर्ण फूटपाथ निकामी होतो. म्हणून झाकणाची जाडी आणि ते बदलण्याची मुदतसुद्धा मापदंडात आली पाहिजे.

व्यापाऱ्यांची हरकत अशी की फूटपाथ रुंद केला, वाहने हटवली, की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. उल्हासनगर हे व्यापारावर उभे राहिलेले शहर आहे, त्यामुळे ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी. मोटार उभी करायला साधारण दहा चौरस मीटर जागा जाते, तेवढ्यात पाच दुचाकी राहतात. आणि कापडबाजारात खरेदीला येणारी बहुतेक माणसे लोकलने, शेअर रिक्षाने किंवा पायी येतात. एमएमआरडीएच्या २००८ च्या प्रवास अभ्यासातही महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या निव्वळ पायी होत होत्या. दुकानासमोर तासन्‌तास उभी असणारी मोटार बऱ्याचदा दुकानाचीच असते. दुसरी गोष्ट मालाची, आणि तिथे व्यापाऱ्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. फर्निचर बाजारातून कपाट आणि पलंग बाहेर पडतो, जीन्सच्या कारखान्यातून गठ्ठे निघतात. त्यांना दारापाशी टेम्पो लागणारच. रुंद फूटपाथांसाठी दाखवल्या जाणाऱ्या पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा नकाशा इथे जसाच्या तसा उतरवला तर पहिल्याच आठवड्यात टेम्पो फूटपाथवर चढेल. म्हणून दर ठरावीक अंतरावर माल चढवण्या-उतरवण्याची खाच, तिच्या वेळा आणि तिथल्या फरशीची ताकद हे उल्हासनगरच्या मापदंडात असले पाहिजे, बदलापूरच्या निवासी रस्त्यात त्याची गरज नाही. देशासाठी मार्गदर्शिका असताना शहराची वेगळी कशाला, या प्रश्नाचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

फेरीवाल्यांबद्दल असे म्हटले जाते की फूटपाथ बांधला की तो त्यांच्याच घशात जातो. २०१४ च्या कायद्याने प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद केली आहे आणि पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते, त्यांत एक तृतीयांश महिला, असे बंधन घातले आहे. हक्क कायद्याने दिला, पण जागा नकाशात कुणी दिली नाही. भाजीवाली स्टेशनच्या वाटेवरच बसणार, कारण संध्याकाळची लोकल सुटली की गिऱ्हाईक तिथूनच जाते. झाड-खांबांच्या पट्टीत तिला जागा आखून दिली तर मागचा चालण्याचा पट्टा मोकळा राहू शकतो. आखली नाही तर ती चालण्याच्या पट्ट्यात बसते, मग कारवाईची गाडी येते, मग ती पुन्हा बसते. हा खेळ थांबवायला बळ नव्हे, आखणी हवी.

गाड्यांचा पट्टा आखडला तर कोंडी वाढेल, ही हरकत कल्याण–बदलापूर रस्त्याबाबत नक्की येईल. शहरातली कोंडी होते ती चौकात आणि अडलेल्या कडेमुळे. दोन चौकांमधली मार्गिका साडेतीन मीटरऐवजी सव्वातीन मीटर केल्याने चौकातून सुटणाऱ्या गाड्यांची संख्या फारशी बदलत नाही, वेग मात्र आटोक्यात येतो. आणि वेगाचा हिशेब जिवाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार मोटारीची धडक ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाने बसली तर पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. त्याच वर्षी महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. अग्निशमन दलाचा मुद्दा याहून वजनदार आहे, कारण बंबाला वाट मिळालीच पाहिजे. पण बंब अडतो तो दुतर्फा उभ्या वाहनांनी. म्हणूनच नऊ मीटरच्या रस्त्यात ५.४ मीटर सलग मोकळे ठेवा, असे अग्निशमन अधिकाऱ्यानेच समितीत बसून लिहून द्यावे.

आता खुद्द समितीवरच्या हरकती. समिती म्हणजे चहा, बिस्किटे आणि इतिवृत्त, असा लोकांचा अनुभव आहे. तो खोटा नाही, म्हणून दाखले तपासले पाहिजेत. दिल्लीत २००८ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने नायब राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली वाहतूक पायाभूत सुविधांचे एकत्रित केंद्र काढले. रस्ते एका खात्याचे, वाहतूक दुसऱ्याचे, मेट्रो तिसऱ्याची, अशी तिथलीही स्थिती होती. केंद्राच्या कार्यगटांत ही खाती एका टेबलाशी बसली, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका निघाली आणि मोठे प्रकल्प मंजुरीसाठी तिथे येऊ लागले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात बांधल्यापासून खड्ड्यांशिवाय टिकला म्हणून गाजला होता. आता तो रुंद फूटपाथ, बसायच्या जागा आणि आखीव वाहनतळामुळे दाखवला जाऊ लागला. पण पुण्यातल्याच औंधमध्ये रुंद फूटपाथांबाबत वाहतूक आणि पार्किंगवरून रहिवाशांनी तक्रारी केल्या, आणि नव्या फूटपाथवर दुचाकी लावण्याचा प्रकार सगळीकडे चालू आहे. मुंबई महापालिकेची रस्त्यांविषयीची स्थायी तांत्रिक सल्लागार समिती प्राध्यापक आणि निवृत्त अभियंत्यांची होती. तिचा भर डांबर, काँक्रीट आणि खड्डे यांवर राहिला, कारण तिला प्रश्नच तो विचारला गेला होता. या तिन्हींवरून एवढे कळते की समितीचे यश तिच्यात किती तज्ज्ञ आहेत यावर कमी आणि तिच्यापुढे काय आणि कोणत्या टप्प्यावर येते यावर जास्त ठरते. काम सुरू झाल्यावर सल्ला मागितला तर तो शोभेचाच. निविदेआधी नकाशा आला तरच रेघ हलवता येते.

उशिराची भीतीही याच टप्प्यावर निकालात काढता येते. प्रमाणित आडवे छेद एकदा छापून तयार असले की नऊ मीटरच्या रस्त्याला दरवेळी नवा नकाशा लागत नाही. कनिष्ठ अभियंता तयार छेद निवडतो आणि जिथे जागेनुसार बदल करावा लागेल तेवढाच भाग समितीकडे पाठवतो. समितीला तीन आठवडे द्यावेत, त्यात उत्तर आले नाही तर काम पुढे जावे. सल्ला नाकारण्याचा अधिकार आयुक्तांना आणि मुख्याधिकाऱ्यांना असावाच, कारण जबाबदारी त्यांची आहे. पण नाकारताना कारण लेखी द्यावे आणि ते नकाशासह लोकांना बघायला मिळावे. नेदरलँड्समध्ये क्रोव नावाची संस्था रस्ते रचनेची जी मापे प्रसिद्ध करते ती कायदा नव्हेत, तरी तिथल्या नगरपालिका त्यांवरच चालतात, कारण माप सोडायचे तर का सोडले हे सांगावे लागते. आपल्याकडे कायद्याचा दाबही वाढतो आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार विहित मापदंड न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यांना रस्त्यांच्या रचनेबाबत व पादचाऱ्यांबाबत सहा महिन्यांत नियम करण्याचे निर्देश दिले. राज्याचे नियम आले तरी ते राज्यभरासाठी असतील; फर्निचर बाजारातली टेम्पोची खाच त्यांत असणार नाही.

लोकप्रतिनिधी असताना नियुक्त समितीची गरज काय, ही हरकत तत्त्वाची आहे. नगरसेवकाने रस्ता मागावा, त्याचा क्रम ठरवावा, पैशाला मंजुरी द्यावी. तो अधिकार कुणी काढून घेऊ नये. पण अंबरनाथ-बदलापूरमध्ये २०२० पासून आणि उल्हासनगरात २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता, आणि त्या काळातही रस्त्यांची कामे होतच होती. नकाशाची सार्वजनिक तपासणी निवडणुकांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू नये. समितीत तिन्ही शहरांचे शहर अभियंते, वाहतूक पोलीस, महावितरण, जीवन प्राधिकरण, एमआयडीसी, रेल्वे आणि अग्निशमन दल हवेत. त्यांच्या जोडीला चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, एक अंध व्यक्ती, रिक्षा संघटना, पथविक्रेता समितीवरच्या निवडून आलेल्या सदस्यांपैकी एक महिला, व्यापारी मंडळ आणि शाळांचा एक प्रतिनिधी हवा. या दुसऱ्या गटाला तांत्रिक मते देता येणार नाहीत, असे अभियंते म्हणतील. पण खांबाचा ताण काढणे आणि खांबाला धडकणे ही दोन्ही त्याच खांबाविषयीची माहिती आहे, आणि आजवर नकाशात पहिलीच आली आहे.

पहिल्या वर्षाचे काम मोठे नसावे. तिन्ही सभागृहांनी एकाच मसुद्याचा ठराव करावा. सहा, नऊ, बारा आणि अठरा मीटरचे चार आडवे छेद, फाटकाचा उतार, गटाराचे झाकण आणि फीडर पिलरची जागा, एवढीच सात पाने आधी निघावीत. मग प्रत्येक शहरातला एक रस्ता घ्यावा: उल्हासनगरात बाजारातला, अंबरनाथमध्ये स्टेशनपासून एमआयडीसीकडे कामगार ज्या वाटेने जातात तो, आणि बदलापुरात उड्डाणपुलाच्या दोन्ही टोकांचा. तिथे काँक्रीट ओतण्याआधी महिनाभर चुन्याच्या रेघा आणि तात्पुरत्या खुंट्यांनी नवी वाटणी लावून बघावी, टेम्पो कुठे अडतो आणि माणसे कुठून चालतात ते मोजावे, आणि मगच मापे पक्की करावीत. खोदाईच्या परवानगीला एक अट तेव्हाच जोडता येईल: जी यंत्रणा चर खोदेल तिने पूर्ण पट्टी, कडेच्या दगडापासून दगडापर्यंत, त्याच मापात परत बांधून द्यायची, आणि तोवर तिची अनामत रक्कम नगरपालिकेकडे राहायची.